चेहरा नसलेला हिरो

आमच्या मंडळाच्या नाटकात प्रमुख भूमिकेला माणूस मिळेना, असं एकदाच झालं. एरवी अमेरिकेतल्या आमच्या या श्रूजबरीत चार ओळींच्या हवालदारासाठीही रुसवेफुगवे होतात. पण त्या वर्षी दिग्दर्शक काकांनी हॉलिवूडच्या एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमावरून नाटक बेतलं होतं. तो सिनेमाही मुळात एका कादंबरीवरचा. एक शास्त्रज्ञ स्वतःवरच औषधाचा प्रयोग करतो, अदृश्य होतो आणि तोंडाला बँडेज गुंडाळून, काळा चष्मा लावून एका आडगावच्या खाणावळीत येऊन राहतो. मग हळूहळू त्याचं डोकं फिरतं. काकांनी खाणावळ महाबळेश्वरला नेली, बर्फाच्या जागी धुकं आणलं आणि शास्त्रज्ञाला पुण्याचा केला.

अडचण एवढीच, की हिरोचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. लाइव्हस्ट्रीमवर भारतातले सगळे नातेवाईक बघणार आणि आपण बँडेजमध्ये! जो तो खाणावळीतल्या गिऱ्हाइकाचं काम मागू लागला.

"मी करते," मी म्हटलं. माझा आवाज जाड आहे; फोनवर कस्टमर सर्व्हिसवाले मला 'सर' म्हणतात. उंचीही बरी आहे.

"अहो, तुम्ही स्टेजवर गेलात तर चहा कोण बघणार?" काका म्हणाले.

हे मी दर वर्षी ऐकत आले होते. मंडळाचा चहा माझ्याकडे, विंगेतलं प्रॉम्प्टिंगही माझ्याकडे. एकदा तरी आपणही त्या उजेडात उभं राहावं, असं मला फार वाटायचं. पण ते काकांपुढे बोलून दाखवणार कोण?

अखेर आयटीतल्या एका मुलाला गळ घालून तयार केलं. मुलगा गोड, पाठांतराच्या नावाने आनंद. तालमीत त्याच्या निम्म्या ओळी मीच विंगेतून म्हणायची.

प्रयोगाच्या दिवशी शाळेचं ऑडिटोरियम भरलं आणि हिरो गायब.

"खरंच अदृश्य झाला की काय?" काका कपाळाला हात लावून बसले.

तो माझ्या मुलीला पार्किंग लॉटमध्ये सापडला. गाडीत, मांडीवर लॅपटॉप. "आई, ही इज ऑन कॉल. त्यांचं काहीतरी क्रॅश झालंय."

"शो कॅन्सल करू या," काका म्हणाले.

"कोट इकडे द्या. मला सगळं पाठ आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पण कुणाला कळता कामा नये. त्याचे आईवडील पुण्यात रात्र जागून बसलेत."

"कळेल कसं? मी अदृश्य आहे."

मुलीने बँडेज गुंडाळायला घेतलं. "कॅन यू ब्रीद?"

"श्वास नंतर घेईन. घट्ट कर." आणि नवऱ्याला निरोप पाठवला: आज चहा तू कर. का ते विचारू नकोस.

पहिला अंक झकास झाला. "व्हिसा संपला, म्हणून अदृश्य झालो!" या वाक्याला हॉल हसला, काही जण जरा जास्तच मोठ्याने. मी खुर्च्या उलथवल्या, गिऱ्हाइकांना पळवलं, गडगडाटी हसले. पण मध्यंतरात पडद्यामागून ऐकलं, "काय सुधारलाय हा! आवाज तर बघ!" माझ्या टाळ्या त्या मुलाच्या खात्यावर जमा होत होत्या, आणि तो गाडीत बसून टाइप करत होता.

दुसऱ्या अंकात खाणावळवाली मला चहा देते. तालमीत कप रिकामा असायचा. पण बाई हौशी. त्या दिवशी तिने मागच्या किचनमधून खरा, वाफाळता चहा भरून आणला. मी बँडेज जरा वर सारून घोट घेतला आणि तोंडातून निघून गेलं:

"यात आलं कुठंय?"

तेवढ्यात किचनच्या दारातून माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, किसणीच सापडली नाही!"

मग जो हशा उसळला! मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काकू, ओळखलं!" खाणावळवालीने पदरात तोंड लपवलं. विंगेत काका हातवारे करत होते: पुढे चला, पुढे चला. मी पुढेच गेले. दोन पावलं, नेमकी उजेडात. चष्मा काढला आणि दाराकडे बघत म्हटलं:

"सिंकखालच्या ड्रॉवरमध्ये! दर वर्षी तिथेच असते!"

टाळ्या थांबल्यावर चष्मा लावला आणि उरलेलं नाटक भानावर राहून पार पाडलं.

पडदा पडल्यावर हिरो धापा टाकत आत आला. त्याच्या आईचा फोन आधीच येऊन गेला होता. "म्हणाली, तो तू नाहीस हे चहाच्या आधीच कळलं होतं. एकही ओळ चुकली नाही म्हणे." तो मनापासून हसला आणि स्वतःहून कप धुवायला लागला.

काका मात्र फुगून बसले होते. "आल्याचं वाक्य निसटलं, ते मी समजू शकतो. पण चष्मा? चष्मा कसा निसटला?"

"घामाने घसरतो हो, काका," मी म्हटलं.