तिसऱ्या अर्जाची क्रियापदं

पाठवलेल्या कागदांपेक्षा फाडलेल्या कागदांना किस्से जास्त चिकटतात! डिचोलीच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चार पदवीधर लोकांचे अर्ज लिहून द्यायचो. नोकरी एकालाही नाही, रुबाब मात्र संपादकांचा! त्या वर्षी एकच ध्यास होता, शेवंतीमावशीचं शेत. पावसाळ्यात ते खाणीच्या गाळाखाली गेलं होतं. दोन अर्ज झाले, पण शेत बघायला कोणी फिरकलं नाही. तिसरा मी हट्टाने लिहायला घेतला.

*

आधीच्या दोन्ही अर्जांत 'करण्यात आले', 'झालेले आहे' यांचीच भरताड. मी नियम काढला : असलं क्रियापद जो लिहील, त्याने खोली झाडायची. आमचा दिनू तर बोलतानाही सरकारी मराठी बोलायचा. पंधरा दिवसांत लखलखती खोली बघून ग्रंथपाल विचारायला लागले, "काय रे, इथे उद्घाटन आहे की काय?"

*

नियम मलाही चावला. हात बसावा म्हणून मी काजूवर चार ओळी लिहिल्या : 'बोंडूंपासून रस तयार केला जातो.' दिनूची आते कोरगावची. तिने वाचून विचारलं, "तयार करतत? मशीन खंय दिसलां तुका?" आणि मला धरून खडकातल्या खड्ड्यात उभं केलं. तासभर बोंडू तुडवले. मग लिहिलं, 'तुडवतात, मळतात, पिळतात.' पाय चार दिवस चिकट होते, पण वाक्य कसं खणखणीत!

*

त्यामुळे जोर चढला. माझ्या अर्जात गाळ गर्जला, झेपावला, शेतावर तुटून पडला! मावशीला वाचून दाखवला. तिने मन लावून ऐकला. शेवटी हळूच म्हणाली, "वायट झालां गो. पण ह्यां कोणाचां शेत, बाय?"

*

सगळं खोडलं. उरलं एवढंच : 'गाळ शेतात घुसला. रोप गाडलं.' चहाच्या दुकानात खाणीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर बाबी भेटला, त्याला ऐकवलं.

"'घुसलो' बरां जमलां!" तो म्हणाला. "पण माका वाचून दाखवलंस म्हणान खंय बोलू नको!"

*

तोच अर्ज दिला, आणि आठव्या दिवशी तलाठी आला! आम्ही चौघे बांधावर छाती काढून उभे. त्याने शेत पाहिलं, पंचनामा लिहिला, वाचला : "शेतात गाळ आढळून आला." आणि शाईचं पॅड मावशीपुढे धरलं.

मावशीने हात मागे घेतला. "आढळलो? कोणाचो हरवलेलो? माज्या डोळ्यांसमोर खाणीवाल्यांनी बांध फोडून सोडलो. 'सोडलो' लिही."

"आजी, मी कुठे पाहिलंय?"

"मिया बघितलां. माज्या नावान लिही."

"अंगठा नसेल तर कागद अर्धवट राहील. मी परत येणार नाही."

'मावशी, कर अंगठा,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मावशी तिथेच, गाळावर, मांडी घालून बसली.

तलाठ्याने एकदा आम्हा चौघांकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे. मग पेनाचं टोपण काढलं, ओळ खोडली, नवी लिहिली.

"वाच," मावशी म्हणाली.

"'खाणीवाल्यांनी बांध फोडून गाळ शेतात सोडला, असे शेतमालकिणीने सांगितले.'"

अंगठा शाईत दाबत मावशी म्हणाली, "आनी एकदां. मोठ्यान."