पंच्याऐंशी किलोचा जनरेटर

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी मी जेद्दातल्या एका दुकानातून सहा किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर घेतला. आठ दिवसांनी तो परत केला आणि बदल्यात दोन किलोवॉटचा घेतला. दोन्ही वेळा तो माझ्या ट्रेलरसाठी होता. एका सहकाऱ्याने देश कायमचा सोडताना तो ट्रेलर मला दिला होता. आत तीन जणांना झोपायची सोय, छोटा ओटा, फ्रिज, छतावर एसी. पिकअपला मागे जोडून न्यायचा.

किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका कंत्राटदार कंपनीत मी अपघातांचे अहवाल लिहितो. त्याआधी सोळा वर्षं सांगलीत वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. मुलीच्या कॉलेजसाठी पत्नी आणि ती तीन वर्षांपूर्वी पुण्याला गेल्या. मुलीचा इकामा, म्हणजे इथला रहिवासी परवाना, मात्र चालू होता, कारण तिचा परतीचा व्हिसा मी दर वेळी वाढवत आलो होतो. या वेळी वाढवायचा नाही, असं आम्ही तिघांनी जूनमध्ये फोनवर ठरवलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत ती आली तर इकामा राहणार होता. नाही आली तर यापुढे तिला इथे यायचं झाल्यास व्हिजिट व्हिसावर, पाहुणी म्हणून यावं लागणार होतं.

डिसेंबरात दहा दिवस तिला कॉलेजला जायचं नव्हतं. फ्लॅटमध्ये बसून राहायला येणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. यायचं तर लहानपणी जात होतो तसं वाळवंटात राहायचं.

"पण लाइट पाहिजे हं बाबा. प्रोजेक्टचे रोज ऑनलाइन रिव्ह्यू आहेत. लाइट नसेल तर सॉरी, इट्स अ नो."

म्हणून मी यादी केली. घरात वीज खाणारं काय काय असतं ते आठवून प्रत्येकापुढे वॉट लिहिले आणि बेरीज केली. एसी, मायक्रोवेव्ह, केटल, मिक्सर, फ्रिज, हेअर ड्रायर, लॅपटॉप, दिवे. बेरीज सहा हजारांच्या आसपास आली.

दुकानातला विक्रेता रत्नागिरीकडचा होता. वय साठीच्या पुढे. माझं हिंदी दोन वाक्यं ऐकल्यावर तो मराठीत बोलू लागला. यादी त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचली.

"काय हो, वाळवंटात हॉटेल काढताय काय?"

मी म्हटलं, ट्रेलर आहे, घरच्यांसाठी.

"डिसेंबरात एसी कुणाला? तिथे गोधड्या लागतात." त्याने बोट खाली नेलं. "ड्रायर कुणाचा?"

"मुलीचा."

"मिक्सर?"

"मिसेसचा."

"यातलं आत्ता घरात काय काय आहे?"

फ्रिज, केटल आणि लॅपटॉप, मी सांगितलं. मिक्सर आणि ड्रायर पुण्याला गेले होते. मायक्रोवेव्ह बंद पडून वर्ष झालं होतं.

त्याने यादी परत दिली आणि खालच्या फळीवरचा एक लाल जनरेटर दाखवला. दोन किलोवॉट, एकवीस किलो, हातात सुटकेससारखा धरायचा. केटल चालू असताना दुसरं काही लावायचं नाही, एवढंच पथ्य. आवाज कमी. लॅपटॉपला लागते तशी स्थिर वीज. मी मागे चाकांवर उभा असलेला मोठा विचारला.

"पंच्याऐंशी किलो आहे तो. नंतर गावाला न्यायचाय ना?"

"पुढेमागे."

"सगळे तेच म्हणतात. माझ्याच गोडाऊनला दोन पडलेत, गावाला न्यायचे म्हणून. एक तर गंजला." मग त्याने विचारलं, "उतरवायला माणसं किती आहेत बरोबर?"

"तिघं," मी म्हटलं.

त्याने मोठ्याचं बिल केलं. दुकानातल्या दोघांनी तो उचलून पिकअपमध्ये ठेवला आणि दोरीने बांधला.

पुढच्या शुक्रवारी मी चाचणीसाठी एकटा निघालो. हायवे सोडून पूर्वेला चाळीस मिनिटं गेल्यावर एका कोरड्या ओढ्याच्या काठी ट्रेलर लावला. फोनला तिथे रेंज होती, ती आधी तपासली होती. सकाळचे दहा वाजले होते. जनरेटर ट्रेलरपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवायचा असतो. मी दोरी सोडली, दोन फळ्या तिरक्या लावल्या आणि तो कडेपर्यंत ढकलला. पुढची चाकं फळीवर येताच सगळा भार माझ्या अंगावर आला. परत मागे लोटायला बराच वेळ गेला. त्यानंतर तो पिकअपमध्येच राहिला. पिकअप वायरच्या लांबीएवढी दूर नेऊन मी तिथेच सुरू केला.

ट्रेलरमध्ये दिवे लागले. एसीही चालला. मी मुलीला व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, तुम्ही बोटीवर आहात का?"

"वाळवंटात आहे. लाइट बघ."

"काय?"

"लाइट! लागलाय!"

"काहीच ऐकू येत नाहीये. हे पाठीमागे काय चाललंय? यात मी रिव्ह्यू देऊ? सर हाकलतील मला."

पाठीमागून पत्नीचा आवाज आला. ती विचारत होती, जेवला का. मी हो म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. कॉल तुटला. मी जनरेटर बंद केला. त्या परिसरात दुसरी गाडी किंवा तंबू नव्हता. दुपारी साडेतीनपर्यंत तिथे थांबून मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी जनरेटर घेऊन दुकानात गेलो. विक्रेत्याने पिकअपमध्ये डोकावून पाहिलं. दोरीची गाठ मी बांधलेली होती.

"तिघं होतात ना?"

"एकटा होतो."

"मग तसं सांगायचं ना राव," तो म्हणाला. त्याने आतून लाल जनरेटर आणला, टाकीत पेट्रोल घातलं आणि माझ्या हाताने दोनदा सुरू करवून घेतला. "हा मातूर चालू असताना शेजारी बसून बोलता येतं. फक्त शेजारी कुणी पाहिजे."

त्यानंतरच्या शुक्रवारी मी त्याच ओढ्याकाठी गेलो. लाल जनरेटर एका हाताने उतरवला, तीस पावलांवर ठेवला, पाच तास चालवला. लॅपटॉप पूर्ण चार्ज झाला. केटलच्या वेळी फ्रिज बंद ठेवला. ट्रेलरच्या आत बसून एक मिनिटाचं रेकॉर्डिंग केलं आणि मुलीला पाठवलं. त्यात पंख्याइतकाही आवाज नव्हता. संध्याकाळी तिचं उत्तर आलं: मस्त बाबा, आता ऐकू येतंय. तारखा बघून सांगते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिला पुण्यातल्याच एका ऑफिसात इंटर्नशिप मिळाली. ती लगेच सुरू होणार होती. तिने फोन केला तेव्हा मी कामावर होतो.

"बाबा, तुम्ही रागावलात का?"

"नाही. ऑफिस किती लांब आहे?"

"स्कूटीवर वीस मिनिटं."

"हेल्मेट घालत जा."

"घालते. तुम्ही जा ना पण ट्रेलर घेऊन. फोटो पाठवा."

मी आणखी चार वेळा गेलो. फोटो पाठवले. जनरेटरने एकदाही त्रास दिला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिसाची मुदत संपली. मार्चमध्ये माझ्या इकाम्याच्या कामासाठी सरकारी अ‍ॅप उघडलं, तेव्हा कुटुंबाच्या रकान्यात मुलीच्या नावापुढे अरबीत नवी नोंद होती: गेली, परत आली नाही.