हंबीररावांनी मिशी काढली

आम्हा तंजावरकडच्या मराठी माणसांजवळ आता राहिलंय काय, सांगा! भाषा अर्धीअधिक तमिळ झाली. सांबार आमच्या वाडवडिलांनी शोधलं म्हणावं तर शेजारपाजारचे खो खो हसतात. तलवारी असतीलच कुठे तर त्या काचेच्या कपाटात. उरली ती नावं आणि मिश्या. हंबीररावांकडे दोन्ही होतं. नाव एवढं दणदणीत की शाळेत हजेरी घेताना वाध्यार मास्तरांची जीभ अडखळायची, आणि त्या नावाला शोभेल अशी मिशी, वरचा ओठ पुरता झाकून गालांकडे वळलेली. बाकी माणूस कसा म्हणाल, तर लिफ्ट बंद पडली की जिना चढण्याआधी देवाचं नाव घेणारा. ते स्वतःच म्हणायचे, "मिशी पुढे चालते, मी मागनं भाजीची पिशवी घेऊन येतो."

नोकरी गुम्मिडिपूंडीच्या एका पंपांच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला. तयार पंप पाण्याच्या दाबाखाली लावायचा आणि कुठे गळतोय का ते बघायचं, जन्मभर हेच. एक थेंब दिसला की खडूनं फुली, पंप परत. चेन्नईच्या अण्णा नगरातल्या फ्लॅटमधून कंपनीच्या बसनं जायचं, फुल्या मारायच्या आणि परत यायचं. घरात मात्र त्यांच्या फुलीला कुणी विचारत नव्हतं. बायको कनका नाही, म्हातारे वडील दत्ताजी तर नाहीच नाही, आणि एकुलती एक लेक कीर्तना तर त्याहून नाही.

कीर्तना बी.कॉम. झाली, अड्यारला एका ऑडिटरच्या ऑफिसात लागली, आणि एक दिवस ते सोडून नीलांकरैच्या किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवणाऱ्या एका छोट्या शाळेत गेली. पाठीवर हवेचं नळकांडं, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क. किनाऱ्यापासून बोटीनं बरंच आत गेलं की पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिथे लोकांना घेऊन उतरायचं, मासे दाखवायचे, सुखरूप वर आणायचं. "आणि पगार कोण देतं? मासे?" हंबीररावांनी विचारलं होतं. या विनोदावर घरात फक्त ते एकटेच हसले.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तिला अंदमानातून बोलावणं आलं. तिथल्या डायव्हिंग शाळेत पक्की नोकरी, राहायची सोय. हंबीरराव म्हणाले, नाही. कनका म्हणाली, तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊकच होतं. मग घरात भांडी आपटणं सुरू झालं. शेवटी कीर्तना त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अप्पा, तुम्ही न बघता नाही म्हणताय. एकदा माझ्याबरोबर खाली चला. मी काय करते ते नीट बघा. मग नाही म्हणालात, तर मी जाणार नाही. शप्पथ."

हंबीररावांना वाटलं, अय्यो, हे तर फुकटातच जिंकलो! पोरगी शब्दाची पक्की. खाली जायचं, वर यायचं, टॉवेलनं डोकं पुसायचं आणि नाही म्हणायचं. पाण्याची भीती वाटते ही बारीकशी अडचण सोडली तर बेत उत्तम होता.

आधी स्विमिंग पूलमध्ये सराव झाला. मास्कमध्ये थोडंथोडं पाणी शिरत होतं, पण कीर्तनानं मिशीला भरपूर व्हॅसलीन चोपडलं आणि तेवढ्यावर भागलं. रविवारी सकाळी खऱ्या समुद्रात जायची वेळ आली. काळा रबरी सूट चढवायला दोन माणसं लागली, एक पोट आत दाबायला आणि एक चेन ओढायला. आरशात बघून हंबीरराव म्हणाले, "वांग्याला मिशी फुटलीय." बोट लाटांवर आपटत निघाली, आणि खडकांपर्यंत पोचायच्या आत सकाळी खाल्लेल्या पोंगलनं त्यांचा निरोप घेतला.

दोर धरून ते उतरले. जरा खाली जातात न जातात तोच मास्कमध्ये पाणी. शिकवलं होतं तसं नाकानं फुंकून बाहेर काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा भरलं. डोळे झोंबायला लागले, समोर नुसता हिरवा धूर. त्या धुरात कीर्तनाचा एक हात दिसत होता, तो त्यांनी असा काही आवळला की वर आल्यावर तिच्या मनगटावर वळ उठले होते. खडक बघितला नाही, मासा बघितला नाही. दोर मात्र अगदी जवळून बघितला.

बोटीत कीर्तनानं त्यांचा मास्क उलटासुलटा करून पाहिला. मास्क चांगला होता.

"मिशी, अप्पा," ती म्हणाली. "रबराच्या कडेखाली एवढे केस आले की पाणी शिरणारच. व्हॅसलीन तरी किती पुरणार?"

हे हंबीररावांना सांगावं लागावं! सीलखाली एक धागा अडकला म्हणून त्यांनी अख्खे पंप परत पाठवले होते. कीर्तनानं दोर गुंडाळला, नळकांडी नीट बांधली आणि म्हणाली, "तुम्ही आलात ना, तेवढं पुरे. मी अंदमानवाल्यांना नको म्हणून कळवते."

घरी येऊन तिनं दहीभात खाल्ला, ताट धुतलं, पालथं घातलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर हंबीररावांना बरं वाटलं असतं. आपण जिंकलो आहोत हे ते दोन दिवस स्वतःला सांगत राहिले, पण ते गळ्याखाली उतरेना. जिंकलं कोण? मिशी! कारखान्यात खडू हातात घेतला की तेच डोक्यात. जन्मात एक पंप न तपासता नापास केला नाही, आणि पोटच्या पोरीवर मात्र टेस्ट न घेताच फुली. बरं, गळत कोण होतं? तपासणारा!

तिसऱ्या दिवशी बसमधून उतरले ते थेट सलूनमध्ये शिरले आणि म्हणाले, "काढ."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला, हात जोडले आणि जाऊन रेडिओ बंद केला. आता आमच्यात बाप गेल्याशिवाय मिशीला वस्तरा लागत नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? हंबीररावांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तोवर साबण लागला होता.

घराचं दार कनकानं उघडलं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, किंचाळली आणि पळत आतल्या खोलीत गेली. सासरे टीव्हीसमोर मुरुक्कू चघळत बसले होते. तिनं आधी त्यांच्या नाकाशी हात धरला, मग जमिनीवर बसकण मारली.

दत्ताजींनी मान वळवून मुलाकडे पाहिलं.

"मी आहे अजून," ते म्हणाले. "तुला एवढी कसली घाई झालीय?"

अर्ध्या तासात शेजारच्या भवानीमामी डबा घेऊन हजर. त्यांनी हंबीररावांना जिन्यात ओझरतं पाहिलं होतं आणि सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून धावत इडल्या करून आणल्या होत्या. दार नेमकं दत्ताजींनीच उघडलं. मामींच्या हातून डबा पडता पडता राहिला. "माझ्या मयताच्या ना या?" दत्ताजींनी डबा घेत विचारलं. "चटणी कुठेय?" आणि बसून सगळ्या इडल्या स्वतः खाल्ल्या, कुणाला एक दिली नाही.

खाऊन झाल्यावर त्यांनी मुलाला समोर बसवलं. हंबीररावांनी मास्कची हकिकत सांगितली. "बघून आल्यावर तरी तिला काय सांगणार आहेस?" दत्ताजींनी विचारलं.

"नाहीच म्हणणार, आबा."

"मग मिशी कशाला घालवलीस, मूर्खा? नाही म्हणायला बघावं लागतं होय रे? मी तुला जन्मभर न बघताच नाही म्हणत आलो."

आतल्या दाराशी कीर्तना उभी होती. बापाच्या उघड्या ओठाकडे बघून तिनं तोंडावर हात धरला. ती हसत होती की काय ते हंबीररावांना नीट कळलं नाही, आणि बघवलंही नाही.

पुढच्या रविवारी ते पुन्हा उतरले. ओठाला गार पाणी लागलं तेव्हा उघडं पडल्यासारखं वाटलं, पण मास्कमध्ये एक थेंब नाही. खाली मोठमोठे काळे खडक होते, अंगावर शेवाळ आणि जांभळी झुडपं वागवणारे. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक घोळका आला, हंबीररावांकडे बघितलं आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून गेला. कपारीतून एका वाम माशानं तोंड बाहेर काढलं. तेवढ्यानं त्यांचा धीर सुटला. श्वास भराभर चालू झाला, पाय वेडेवाकडे झाडले जाऊ लागले, वर जायचं, आत्ताच्या आत्ता वर, एवढंच मनात.

कीर्तना समोर आली. घरात ही पोर चालता चालता खुर्चीला धडकते, दुधाचं भांडं कलंडवते. इथे तिचं काहीच हललं नाही. तिनं एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, दुसरा त्यांच्या डोळ्यांपुढे हळूहळू खालीवर केला, असा श्वास घ्या, असा सोडा. नजर त्यांच्या नजरेवरून काढली नाही. तिला कसलीच घाई नव्हती. ते शांत होईपर्यंत ती तशीच थांबली, मग त्यांचा हात धरून त्यांना खडकाच्या पलीकडे घेऊन गेली. हंबीररावांनी त्यानंतर मासे फारसे बघितलेच नाहीत. ते तिला बघत होते. एवढी शहाणी ही कधी झाली, आणि मी तेव्हा होतो कुठे, असं त्यांना वाटलं आणि फार वाईट वाटलं. ही इथलीच आहे, हेही दिसलं. दिसू नये असं वाटत असताना स्वच्छ दिसलं.

बोटीत चढून त्यांनी मास्क काढला. कीर्तना विचारत नव्हती, नळकांड्यांचे पट्टे सोडत होती.

"पास," हंबीरराव म्हणाले.

"काय?"

"पास म्हटलं. जा तू अंदमानला." आणि ते पुन्हा बोटीच्या कडेवरून वाकले, कारण लाटा काही त्यांच्या मोठेपणासाठी थांबल्या नव्हत्या.

ती जाईपर्यंतचे सगळे रविवार ते तिच्याबरोबर उतरले. त्यामुळे मिशी वाढवायचा प्रश्नच नव्हता. भेटेल तो चेहरा पाडून जवळ यायचा आणि हंबीरराव पाठ झालेलं वाक्य म्हणायचे, "अहो, आबा ठणठणीत आहेत, हे पाण्यात जायचं म्हणून." कारखान्यात हे वाक्य बोर्डावर लिहून ठेवा, असंही त्यांनी सुचवून पाहिलं.

मार्चअखेर ती गेली. पोर्ट ब्लेअरचं विमान पहाटेचं. विमानतळावर हंबीररावांनी बरेच विनोद केले, तिथे अंदमानात पंप गळला तर कळव म्हणाले, हात हलवला. कनका तिथूनच बहिणीकडे गेली. ते एकटे घरी आले आणि बाहेरच्या खोलीत चपला न काढता बसून राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात राघोत्तम, कारखान्यातला जुना सोबती, रिटायर होऊन कुंभकोणमला राहणारा. खूप दिवसांनी चेन्नईत आला होता, त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं हंबीररावांच्या ओठाकडे पाहिलं, उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली गेला.

"अरेरे, हंबीरा. कधी?"

हंबीररावांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, इतक्या वेळा म्हटलेलं. पण ते काही येईना.

"आज पहाटे," ते म्हणाले, आणि हुंदका फुटला.

राघोत्तमनं त्यांना छातीशी धरलं. वय झालं होतं, चालता बोलता गेले, असं मरण कुणाला मिळतं, असं बरंच काही तो बोलत राहिला. हंबीरराव मान हलवत राहिले आणि रडत राहिले, मोठ्यानं, लाज न बाळगता.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दत्ताजी भिंतीला धरत बाहेर आले. राघोत्तमचा हात हंबीररावांच्या पाठीवर होता तिथेच थिजला. दत्ताजी कसेबसे येऊन मुलाच्या शेजारी बसले. त्यांचे डोळे लाल होते.

"रडू दे त्याला," ते राघोत्तमला म्हणाले. "मी आत तेच करत होतो."