कपाळावरचा बिल्ला

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कासारवाडीचा तो मेकॅनिक जुन्या विलायती मोटारींत देशी गाडीचं नवं इंजिन बसवायचा आणि बॉनेटवरचा विलायती कंपनीचा बिल्ला उपटून मालकाच्या हातात ठेवायचा. "पोटात एक अन् कपाळावर दुसरंच? आपल्याकडं चालायचं न्हाई, राव." मला त्याचा रागच यायचा.

त्यानं इंजिन बदललेली माझी मोटार विकताना मी बिल्ला परत चिकटवला, इंजिन मूळचंच म्हणून सांगितलं. राजगुरुनगरचा घेणारा जाब विचारायला आला, तेव्हा मी मेकॅनिकचं नाव पुढं केलं. घेणाऱ्यानं मला सोबत नेऊन कासारवाडीच्या भर चौकात मेकॅनिकच्या थोबाडीत दिली. "बिल्ला लावून फसवतोस?"

मेकॅनिकनं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, तुमी सांगा की यांना."

मी चष्मा पुसत राहिलो. आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते. त्याच चौकात, चार लोकांसमोर, "बिल्ला मी लावला" हे एक वाक्य मी त्याचं अजून देणं लागतो.