टाचेची खूण

उंब्रजचे केरू फौजी घाबरट आहेत असं कुणी म्हणालं, तर गावात हसतील. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. पण रग्बीचा चेंडू आभाळात चढला की ते आजही खांदा आक्रसून घेतात. पलटणीच्या एका सामन्यात त्यांनी असाच वरून आलेला चेंडू झेलला आणि त्याच्या मागोमाग दोन गडी अंगावर आले. तेव्हा मोडलेलं खांद्याचं हाड थंडीत अजून ठणकतं.

आता त्याच जागी, संघाच्या सगळ्यात मागे, त्यांची नात दीक्षा उभी राहते.

महिन्यापूर्वी तिनं विचारलं होतं, "आबा, मार्क म्हंजे नेमकं काय वं?"

फौजेतल्या उस्तादांनी शिकवलं होतं तेच केरूंनी सांगितलं. फार पूर्वी विलायतेत समोरच्यानं मारलेला चेंडू वरच्यावर झेलला की झेलणारा टाचेनं मातीत खूण करायचा. ती खूण म्हणजे मार्क. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. त्यानं तिथूनच निवांत लाथ मारायची. "आपल्या गोलरेषेजवळ झेललास की टाच रोव, बाय. कुणी शिवत न्हाई."

सांगलीच्या मैदानावर सामना सुरू झाला, तेव्हा केरूंनी हे प्रशिक्षक जयराजला कौतुकानं सांगितलं.

"आवं आबा, ते जुनं झालं," जयराज म्हणाला. "आता टाच कोण बघतंय? झेलताना 'मार्क' म्हणून वरडावं लागतं. न्हाई वरडलं तर पोरी अंगावर येणारच." एवढं बोलून तो कडेकडेनं पुढे पळाला.

केरूंच्या लक्षात आलं, पोरीला आपण अर्धंच सांगितलं.

तेवढ्यात चेंडू चढला, थेट दीक्षाच्या डोक्यावर. समोरून दोन दांडग्या पोरी सुटल्या. केरूंनी ओरडायला तोंड उघडलं. नुसती हवा निघाली. दीक्षानं मान वर केली, हात पसरले, टाच मातीत रोवली. केरूंनी डोळे मिटले.

"मार्क."

शिट्टी वाजली. डोळे उघडले तर दोन्ही पोरी हातभर अंतरावर थांबल्या होत्या. चेंडू दीक्षाच्या पोटाशी होता.

सामना संपल्यावर ती पाणी प्यायला आली.

"वरडायचं तुला कुणी सांगितलं?" केरूंनी विचारलं.

"सरांनी. पयल्याच दिवशी."

"मग टाच कशापायी रोवलीस?"

तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पाय लय लटपटत हुतं, आबा. रोवल्याबिगर उभंच ऱ्हाता येईना."

केरूंनी आपली चप्पल जरा बाजूला सरकवली. खाली मातीत टाचेएवढा खड्डा पडला होता.