न बांधलेल्या घरातलं स्टोअर

पुरस्काराची बातमी मी पहिल्यांदा सांगितली ती टिळक रस्त्यावरच्या प्रिंटवाल्याला. आमचे ट्रेसिंग पेपरवरचे जुने नकाशे त्यानेच स्कॅन करून दिले होते, आणि सकाळी सकाळी जाऊन काही सांगावं असं दुसरं माणूस मला आठवेना. तो म्हणाला, "न बांधलेल्या घराला बक्षीस? तेही परदेशातून? मग आमच्या मेव्हण्यालाही अर्ज करायला सांगतो. त्यानेही आयुष्यात काही केलेलं नाही." पुण्यात कौतुक याहून जास्त होत नसतं. मी थँक्यू म्हणाले आणि घरी आले.

पुरस्कार खरंच तसाच आहे. कागदावर राहून गेलेल्या इमारतींसाठी. देशोदेशीचे आर्किटेक्ट आपापली फसलेली, अडलेली, कुणी पैसे न दिल्यामुळे बारगळलेली कामं पाठवतात. अट एकच, की त्या कामाची एक वीटही कुठे लागलेली नसावी. मी पाठवलं ते आमचं स्वतःचं घर. आमचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं. आम्ही एकाच वर्गात शिकलो, लग्न केलं, आणि समोरासमोर दोन टेबलं टाकून ऑफिसही एकच काढलं. लोकांचे बंगले बांधले, सोसायट्या बांधल्या, एका मंगल कार्यालयाची नको तितकी दुरुस्ती केली. "लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता आमचं घर राहून गेलं," असं आम्ही सगळ्यांना हसत सांगायचो. लोकांना ते पटायचंही. ते खरं नव्हतं.

वाघोलीला प्लॉट घेतला तेव्हा तिथे नगर रस्त्याच्या कडेने शेतं होती आणि बस यायची तेव्हा यायची. मला दिवस गेलेले होते. संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपलं की आम्ही आमच्या घराचा नकाशा काढायला बसायचो. बैठं घर, मोठं स्वयंपाकघर, आणि पूर्वेला एक छोटी खोली, तिला जवळजवळ भिंतभर खिडकी. प्लॉट अरुंद होता. बाजूची जागा नियमाप्रमाणे सोडली की ती खोली फारच लहान उरायची, आणि इतक्या लहान खोलीला राहण्याची खोली म्हणून मंजुरी मिळत नाही. यावर आमच्या धंद्यात एक सर्वमान्य उपाय आहे. नकाशावर त्या खोलीत 'स्टोअर' असं लिहायचं, आणि घर झालं की तिथे कॉट टाकायची. पुण्यातली निम्मी मुलं अशी स्टोअरमध्ये अभ्यास करून मोठी झाली आहेत.

दुसरं कारण सासूबाईंचं. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही म्हणजे काही करायचं नाही, साधं दुपटंही आणायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. तेव्हा 'स्टोअर' लिहिणं सगळ्याच बाजूंनी सोयीचं पडलं. नवऱ्याने आपल्या त्या देखण्या अक्षरात ते लिहिलं आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. आपापसांत मात्र आम्ही त्या खोलीला तिच्या नावाने ओळखायचो. मुलगीच होणार हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि नावही. "हिची खिडकी अजून खाली घे, तिला बसून बाहेर दिसलं पाहिजे," असं आमचं चालायचं. सासूबाई आल्या की आम्ही लगेच जिन्याच्या पायऱ्या मोजायला लागायचो. बैठ्या घराला जिना नव्हता, पण त्यांच्या ते कधी लक्षात आलं नाही.

सातव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगीच होती. जे बाळ रडलंच नाही त्याचं नाव कोण विचारणार? कुणी विचारलं नाही. नकाशे गुंडाळून कपाटावर गेले. ते नाव पुन्हा घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलं नव्हतं, पण घेतलंही नाही. पुढे मूल झालं नाही, प्लॉटवर गवत वाढलं, आणि आम्ही लोकांना भाकऱ्यांची गोष्ट सांगायला लागलो.

दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. तेराव्यानंतर माणसं पांगली आणि मी ऑफिसमध्ये जाऊन बसले, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की आता ते नाव माहीत असलेली मी एकटीच उरले. उद्या मी गेले की ती खोली कायमची स्टोअर होणार. ही भीती मला एकदा लागली ती सुटेना. भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, कुठेही यायची. कुणाला सांगून टाकावं म्हटलं तर ओठ उघडत नसत. इतक्या वर्षांनी विषय काढायचा तरी कसा? 'साखर आहे का हो, आणि बरं का, आम्हाला एक मुलगी होणार होती,' असं थोडंच सांगता येतं? म्हणून मी नकाशे पाठवले. बक्षिसासाठी नाही. एवढी जाणती माणसं बघतील, निदान एकजण तरी विचारेल, की स्टोअरला एवढी खिडकी कशाला?

कुणी विचारलं नाही. समारंभ लॅपटॉपवर झाला. परीक्षकांतल्या एका वयस्कर बाईंनी माझ्या घराबद्दल फार मनापासून भाषण केलं. घरातला सगळ्यात सुंदर उजेड या वास्तुशिल्पींनी माणसांना न देता साठवलेल्या वस्तूंना दिला आहे, म्हणाल्या. आपण ज्यांना अडगळ म्हणतो त्यांनाही सकाळ बघण्याचा हक्क आहे, असं हे घर म्हणतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला इतकं हसू फुटलं की मी कॅमेरा बंद केला. "ऐकलंस? आपण तत्त्वज्ञ निघालो!" म्हणत मी समोर बघितलं. समोरच्या त्याच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला एकटेपणा म्हणायचं, तर त्याआधीच्या दोन वर्षांना दुसरं काहीतरी नाव शोधावं लागेल. दुःखात माणूस एकटं असतं हे ऐकून होते. हसण्यात एकटं पडणं जास्त वाईट, हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर माझं अभिनंदन झळकलं: 'वास्तुशास्त्रातील आंतरराष्ट्रीय यशाबद्दल.' संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पेढे घेऊन आल्या आणि गॅसची शेगडी आग्नेयेला सरकवली तर सुनेचा स्वभाव सुधारेल का, ते विचारून गेल्या. मी सुधारेल म्हणाले. पेढे चांगले होते.

कात्रजहून नणंद आली. तिचा माझ्यावर जीव आहे. आमच्या घरात त्या बाळाबद्दल कधी कुणी बोललं नाही, तिनेही नाही. पण ती हॉस्पिटलमध्ये माझ्या उशाशी बसली होती, हे मी विसरलेले नाही. तिला सांगायचंच असं ठरवून मी नकाशा टेबलावर पसरला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला, भावाच्या अक्षरावरून बोट फिरवलं, डोळे पुसले.

"वहिनी, दादाचं हे घर आता बांधच," ती म्हणाली. "वर एक मजला काढ, भाडं येईल. आणि हे बघ, हे स्टोअर आहे ना, इथे लिफ्ट बसते. गुडघ्यांचं काय सांगावं, आपली वयं झाली."

ती अगदी बरोबर बोलत होती. लिफ्ट तिथेच बसली असती. मी "बघू" म्हणाले आणि चहा टाकायला उठले. आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी मी ओट्यापाशीच उभी होते.

पुरस्कारवाल्यांची मेल आली. प्रदर्शनात नकाशांशेजारी लावायला मोकळ्या जागेचा आजचा एक फोटो हवा होता. नुसत्या गवताचा फोटो काय पाठवायचा? जमिनीवर घर आखावं आणि मग फोटो काढावा, असं माझ्या मनाने घेतलं. पाया खणण्याआधी चुन्याच्या फक्कीने रेघा मारतात तसं, खऱ्या मापाचं. मी फक्कीची पिशवी, खुंट्या आणि टेप घेऊन वाघोलीला गेले. शेजारच्या बिल्डरने माझ्या प्लॉटवर डोळा ठेवून गवत मात्र इमानाने काढून ठेवलं होतं. तीन बाजूंनी उंच इमारती, मध्ये माझा चौकोन.

टेपला दोन माणसं लागतात. एकाने शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा. आमच्यात शून्य कायम त्याच्याकडे असायचं आणि आकडा मी ओरडून सांगायची. मी टोक खुंटीला अडकवलं, चालत गेले, टेप ताणली की ते सुटायचं. परत यायचं, अडकवायचं, पुन्हा सुटायचं. शेवटी मी तिथेच दगडावर बसले आणि रडले. त्याच्यासाठी, टेपसाठी, कशासाठी ते सांगता येणार नाही.

"काय झालं वं बाई? काय हरावलं का?" शेळ्या घेऊन एक बाई उभी होती. माझ्याच वयाची असावी, गावातलीच.

"काही नाही. हे टोक धरायला कुणी नाही."

"आना हिकडं. म्या धरती."

तिने पदर खोचला आणि टोक घट्ट धरून बसली. मी आकडे सांगत गेले, फक्की टाकत गेले. तिला मजा वाटायला लागली. हे काय, ते काय, विचारायची. स्वयंपाकघर तिला आवडलं. भिंतींच्या रेघा सलग आणि दारं-खिडक्यांच्या जागी मोकळ्या, अशी आखणी असते. छोट्या खोलीपाशी आल्यावर ती म्हणाली, "हितं रेघ सुटली की वं तुमची."

"सुटली नाही. खिडकी आहे ती."

"येवढी? आन् कुनासाठी?"

"मुलीसाठी," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग माझंच मला ऐकू आलं. "आता नाही ती. सातव्या महिन्यातच गेली."

ती अगाई म्हणाली नाही, देवाची इच्छाही म्हणाली नाही. टेपचं टोक तिने तसंच धरून ठेवलं. मग म्हणाली, "नाव ठिवलं हुतं?"

"हो."

"काय?"

मी सांगितलं. मग पुन्हा एकदा नीट सांगितलं. तिने ते एकदा म्हणून बघितलं, शेवटचं अक्षर लांबवून, लांब खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारावी तसं. चांगलं हाय, म्हणाली.

तेवढ्यात तिची एक शेळी रेघ ओलांडून खोलीत शिरली आणि खिडकीच्या जागी जाऊन उभी राहिली. बाईने बसल्या जागेवरून तिला खडा मारला.

"ए, हो भाईर! पोरीची खोली हाय ती."