कोटाची बटणं

काटेवाल्याच्या बायकोला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी नवऱ्याच्या हातात पानं चांगली आलीत की वाईट, हे ती स्वयंपाकघरात भांडी घासता घासता सांगू शकायची.

काटेवाला दुकानदारांचे तराजू दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. रविवारी दुपारी दुकान बंद करून तिथेच पोकर चालायचा. खेळायला ट्रकवाला, औषधवाला आणि निवृत्त मास्तर. पैशांच्या जागी तिच्याच शिवणाच्या डब्यातली बटणं घ्यायचे. शर्टाचं बारीक बटण म्हणजे चिल्लर, कोटाचं जाड बटण म्हणजे मोठी नोट. बोलीला मर्यादा नाही. मनात आलं तर समोरचं सगळं एकदम पुढे सरकवावं.

आणि नेमकं तिथेच त्याचं घोडं पेंड खायचं. पानं जेवढी भारी, तेवढीच बटणं तो टाकायचा. हलक्या पानांना शर्टाचं एक, भारी पानांना कोटाची मूठभर. सगळा जन्म दोन पारडी सारखी करण्यात गेलेला, खोटं वजन टाकायला हात धजायचाच नाही. कोटाची बटणं टेबलावर वाजली की औषधवाला ओरडायचा, "उठा रे, काटेवाल्याकडे वरात आलीय!" सगळे पानं खाली टाकून डाव सोडायचे, आणि एवढ्या चांगल्या पानांवर याच्या पदरात चार शर्टाची बटणं. हलकी पानं आली की मात्र सगळे मिळून त्याला सोलायचे.

धंद्याचीही तीच गत होती. दुकानदार आता आकडे दाखवणारे विजेचे काटे घेत होते. ते तपासायचं यंत्र घेतलं असतं तर दुकान तरलं असतं. "एकदा मोठा डाव बसू दे, यंत्र आणतो आणि पत्त्यांचं नाव काढत नाही," असं तो म्हणायचा. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी देवापुढे हात जोडताना हेही सांगून ठेवायची. देवाला काय, सगळ्यांचंच ऐकावं लागतं.

मग एका शनिवारी त्यानं कपाटातून वजनांची पेटी काढली. पितळेची वजनं, त्याच्या वडिलांची. प्रत्येक तराजू याच वजनांवर तपासून परत जायचा. घरात साखरेचं बंद पाकीट आलं तरी तो आधी तोलायचा आणि म्हणायचा, "बघ, पुन्हा दोन चमचे कमी."

"पेटी कशाला काढलीत?"

"ट्रकवाला हिच्या बदल्यात उद्याच्या डावाला कोटाची बटणं देतोय. त्याला दिवाणखान्यात मांडायचीत म्हणे."

"अहो, हात कापून देताय तुम्ही!"

"परत जिंकून आणतो."

"कसे जिंकणार? मला पडद्याआड कळतं तुमच्याकडे काय आहे, मग समोर बसलेल्यांना नाही कळणार? चांगली पानं आली की एवढी दवंडी कशाला पिटता? जरा लपवावं माणसानं."

तो पेटी पुसत राहिला. पण ऐकलं असावं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिचं कधी ऐकलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा ऐकलं.

रविवारी ती चहा घेऊन दुकानात गेली तेव्हा डाव रंगात आला होता. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून तीन उघडी. आणखी दोन उघडायची होती. तिला नवऱ्याच्या खांद्यावरून दिसलं. हातात दोन राजे, टेबलावर तिसरा. तीन राजे म्हणजे भारी, एवढं तिलाही समजलं. कोटाच्या बटणांचा आवाज येणार म्हणून ती थांबली. काटेवाल्यानं शर्टाचं एक बटण टाकलं.

तिला बाई अभिमानच वाटला.

औषधवाल्यानं आणि मास्तरांनी पानं टाकली. ट्रकवाला डोकं खाजवत म्हणाला, "एका बटणानं काय होतंय? बघू तरी पुढे काय येतंय." चौथं पान उघडलं. काटेवाल्याचं पुन्हा एक शर्टाचं बटण, ट्रकवाल्याचंही एक. पाचवं पान किलवरचं निघालं. ट्रकवाल्यानं समोरचा सगळा ढीग पुढे लोटला.

देवा, वजनं तेवढी राहू दे, यंत्र नको, ती ट्रे धरून मनात म्हणाली. काटेवाल्यानं उरलेली सगळी बटणं आत सारली.

"तीन राजे."

"पाच किलवर," ट्रकवाला म्हणाला. टेबलावर तीन होती, दोन त्याच्या हातात. एकाच रंगाची पाच म्हणजे तीन राजांच्याही वर.

कुणी हसलं नाही. पेटी काखेत मारताना ट्रकवाल्यालाच कसंतरी झालं. "खरं सांगू वहिनी, यानं नेहमीसारखी कोटाची मूठ टाकली असती ना, तर मी तेव्हाच पानं टाकून चहा घेतला असता. एवढ्या स्वस्तात शेवटपर्यंत येऊ दिलं, मग मी तरी कशाला उठू?"

ते गेल्यावर तिनं कप गोळा केले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुझं बरोबर होतं गं," तो म्हणाला. "लपवायचं असतं. किती लपवायचं, ते मला नाही कळलं."

"मी बोलायलाच नको होतं."

"नाही, तुझं बरोबर होतं." तेच तो पुन्हा म्हणाला, आणि सांडलेली बटणं तिच्या डब्यात भरू लागला. कोटाची वेगळी, शर्टाची वेगळी.

सोमवारी एक किराणावाला तराजू आणि आपली वजनं घेऊन आला. "काटा एका बाजूला ओढतोय, बघा जरा. गिऱ्हाइकं भांडतात." काटेवाल्यानं तराजू टांगला, स्क्रू ढिला केला आणि सवयीनं हात कपाटाकडे गेला. मग तो पडद्याशी आला.

"अगं, साखरेचं पाकीट आहे का घरात? किलोचं?"

तिनं दिलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भांडी घासायची होती, पण ती नळ बंद करून उभी राहिली. बाहेर एका पारड्यात पाकीट आणि दुसऱ्यात किराणावाल्याचं किलोचं वजन ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ स्क्रू पिळल्याचा.

"आता बरोबर आहे?" किराणावाल्यानं विचारलं.

"बरोबर आहे," काटेवाला म्हणाला.